कोरडं वजन

ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
पावणेपाचला मी उठतो.
एका खोलीचं घर. दिवा लावला तर बाळ जागं होतं,
म्हणून फ्रिजचं दार वीतभर उघडं ठेवतो
आणि त्या उजेडात वचन वाचतो.
पाळकसाहेबांना हे सांगितलेलं नाही.

आई असती तर हसली असती.
जालन्यात ती प्रार्थनेला बसली की
अख्खी गल्ली नावानिशी देवापुढे उभी राहायची:
सगुणाबाईचा दमा, भावकीतला तंटा,
मिशन दवाखान्यातली नवी नर्स,
माझं गणित.
तिचं आमेन येईपर्यंत चहा दोनदा गार व्हायचा.

मला तसं जमत नाही.
हे प्रभू, म्हणतो, आणि पुढे घराचा हप्ता येतो.
हे प्रभू, आणि चार नंबरच्या मशीनचा बिघडलेला पंप.
एकाच ओळीवरून डोळे चारदा जातात
तरी ओळ तशीच,
दुसऱ्याच्या नावाने आलेल्या टपालासारखी.
रविवारी मंडळीत लोक उभं राहून साक्ष देतात,
पहाटे मन भरून आलं म्हणतात.
मी तेव्हा बुटाची नाडी बांधायला वाकतो.

सहाला डायलिसिसची पहिली पाळी.
रबाळे गावचे बाळाराम मढवी,
आठवड्यातून तीनदा, सहा वर्षं.
आधी काट्यावर. एकसष्ट किलो आठशे.
कोरडं वजन एकोणसाठ.
म्हणजे परवापासून साठलेलं दोन किलो आठशे पाणी
आज उतरवायचं.
ते हात पुढे करतात.
मनगटाच्या वर दोरखंडासारखी फुगलेली शीर,
बोट ठेवलं की मांजरासारखी गुरगुरते.
दोन सुया. चार तास.

गणपतीत त्यांनी एक पाळी चुकवली होती.
आले तेव्हा घोटे सुजलेले,
अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा.
माझ्या अंगावर सूज दिसत नाही, एवढंच.
मी दोन दिवस वाचलं नाही की
एस्तेर भाजी परतता परतता म्हणते,
आवाज चढलाय तुझा.

एकदा विचारलं, काका, कंटाळा नाही येत?
ते छताकडे बघत होते.
"कंटाला त येतं रं.
पन ह्यो काटा कंटाला नाय मोजत. पानी मोजतं."
आणि तोंड उघडं टाकून झोपी गेले.

मी लाल नळीकडे बघत बसलो.
झोपलेल्या माणसाचं रक्त
त्याला काही न विचारता
स्वच्छ होऊन परत येत होतं.
त्यांच्याकडून फक्त येणं झालं होतं,
आणि हात पुढे करणं.

तेव्हापासून पहाटे मी मनाला विचारत नाही,
काही वाटलं का म्हणून.
खरं तर विचारतो. पण पूर्वीइतकं नाही.
आधी कालचं साठलेलं काढतो:
भावाचा फोन कापला, कामात आहे म्हणून, आणि कामात नव्हतो.
वॉचमनच्या मुलीचा निकाल विचारायचा राहिला.
आणि ते एक, जे एस्तेरलाही माहीत नाही.
ते उच्चारायला अजून जीभ वळत नाही,
नुसतं समोर ठेवतो, झाकलेलं,
आणि त्याला दिसतंय हे मला माहीत असतं.

मग नावं घेतो. फार नाहीत.
बाळाराम मढवी. सात नंबरच्या खाटेवरची ती नवी मुलगी,
जिची शीर अजून तयार नाही.
बाळ. भाऊ.

तेवढ्यात फ्रिज टुंग टुंग करू लागतो,
दार फार वेळ उघडं राहिलंय.
बाळ कुशीवर वळतं.
थांब रे, मी फ्रिजला म्हणतो,
आणखी एक ओळ.